कापसाचे ग्लोव्ज

फ्लेक्सवर भावाचा कोणता फोटो टाकायचा हे विचारायला पोरं आली, तेव्हा मी वहिनींच्या ओसरीत मेथी निवडत बसले होते. चौघं होते. एकानं बोलायचं आणि बाकीच्यांनी माना हलवायच्या, असं बहुतेक येतानाच ठरलेलं. खामगावात नवी व्यायामशाळा बांधून झाली होती, आत बॉक्सिंगचं रिंगण होतं, आणि त्या रिंगणाला माझ्या भावाचं नाव द्यायचं होतं. माझ्याकडं मात्र त्यांचं वेगळं काम होतं.

"मॅडम, भाऊंच्या कारकिर्दीचं मूल्यमापन करून द्या. दोन पानं. स्मरणिकेत छापू."

बोलणाऱ्यानं मोबाइलवर फ्लेक्सचा मसुदा दाखवला. वर लिहिलं होतं, 'भाऊंच्या स्मृतीस अभिवादन'.

"स्मृतीस काऊन बे?" मी विचारलं. "तो आत झोपला आहे."

पोरानं जीभ चावली. खाली आणखी एक ओळ होती, 'एका ठोशात बैल बसवणारा वाघ'. ती ओळ वाचून मात्र माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तो बैल खुरकुतीच्या रोगानं आधीच बसलेला होता. भावानं त्याच्या पाठीवर थाप मारली, एवढंच झालं होतं. पण लोकांना एकदा एखादी गोष्ट आवडली की ती मागं घ्यायला कोणी तयार होत नाही. मी आयुष्यभर दहावीच्या वह्या तपासल्या, मूल्यमापन म्हणजे काय ते मला कळतं. उत्तर कितीही सुंदर अक्षरात लिहिलेलं असलं तरी चुकलं असेल तर चूकच द्यावी लागते.

पोरांचं आणखी एक मागणं होतं. उद्घाटनाला भाऊंना आणा, नव्या बॅगवर एक ठोसा मारू द्या, व्हिडिओ काढू. मी नाही म्हणणारच होते. तेवढ्यात वहिनी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या आणि माझ्या आधी म्हणाल्या, "आनतो आमी."

पोरं गेल्यावर मी त्यांच्यावर चिडले. तमाशा करायचा आहे का त्याचा, म्हटलं. वहिनींनी मेथीची जुडी माझ्या हातातून घेतली आणि स्वतः निवडायला लागल्या. "ताई, तिथं घंटी वाजन," त्या म्हणाल्या. "ग्लोव्जचा वास येईन. एखाद्या वेळी आठवन त्याईले. एकदा फक्त मले ओळखू द्या. मंग काही म्हननं नाही माहं."

मी रिकामा ट्रे उचलून आत नेला.

गेल्या दिवाळीपासून भाऊ वहिनींना ओळखत नाही. मला ओळखतो, म्हणजे बांधून ठेवल्यासारखा माझा चेहरा कुठंतरी राहिला आहे त्याच्या डोक्यात. वहिनी म्हणजे त्याला स्वयंपाकाला येणारी कोणी भली बाई वाटते. वागतो फार अदबीनं. वाईट तेच वाटतं. शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं वहिनीच एकदा म्हणाल्या. दिवेलागण झाली की तो खुर्चीवरून उठतो आणि सांगतो, "तुमी जा आता. तुमच्या घरचे वाट पाहून राह्यले असतीन." पहिल्यांदा वहिनींनी समजावून पाहिलं. हेच माझं घर आहे, मी तुमची बायको आहे. तो घाबरला, दाराशी जाऊन उभा राहिला, रात्रभर झोपला नाही. तेव्हापासून वहिनी रोज चपला घालतात, "येतो मंग" म्हणतात, पुढच्या दारानं बाहेर पडतात, गल्लीला वळसा घालून मागच्या दारानं आत येतात आणि कणीक मळायला बसतात. मी शेजारच्या गल्लीत राहते. संध्याकाळी माझ्या खिडकीतून त्या जाताना दिसतात. मी खिडकी लावून घेते.

तर मूल्यमापन.

आमचे बाबा जिनिंग प्रेसिंगमध्ये कामाला होते. सरकी वेगळी करायची, रुई दाबून गाठी बांधायच्या, हे आमच्या घरी येणाऱ्या भाकरीचं मूळ. भाऊ तिथंच वाढला. आमच्या गल्लीत एक फौजी मास्तर रिटायर होऊन आले होते, पलटणीत बॉक्सिंग केलेले. त्यांनी भावाच्या मनगटाकडं पाहिलं आणि बाबांना म्हणाले, हे पोरगं मला द्या. बाबांनी आधी नाक मुरडलं. कुस्ती समजते, हे कोंबड्यांच्या झुंजीसारखं काय? पण फौजी मास्तरांनी हट्ट सोडला नाही. बारदानात सरकी ठासून भरली, जिनिंगच्या मागच्या शेडमध्ये ते पोतं टांगलं, आणि भाऊ रोज पहाटे त्याला मारायला लागला. काही महिन्यांत बारदान तेलानं काळं पडलं. लोक म्हणायचे, पोरगं ठोशानं सरकीचं तेल काढते. हे मात्र खरं आहे, फ्लेक्सवर टाकायला हरकत नाही.

वजन तो गाठी तोलायच्या काट्यावर करायचा. सदुसष्ट किलोच्या आत राहायचं, त्या गटाला वेल्टरवेट म्हणतात. बाबांना कोणी विचारलं की ते सांगायचे, "वेल्टर म्हंजे ना जड ना हलका, आपल्या बैलासारखा." लोक समजल्यासारखं करायचे.

माझं काम पट्ट्यांचं. ग्लोव्जच्या आत हाताला कापडाची पट्टी गुंडाळावी लागते, बोटांची हाडं मोडू नयेत म्हणून. मायच्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्या फाडून मी त्या गुंडाळायचे. आधी अंगठ्यात फास, मग मनगट, मग बोटांच्या मधून. भाऊ दोन्ही हात पुढं करून बोटं फाकवायचा आणि दर वेळी एकच विचारायचा, "समोर कोन आहे व, बाई?"

मी म्हणायचे, "असन कोनी. तुह्यासारखाच माय-बापाचा."

ते आमचं ठरलेलं होतं. त्याशिवाय तो उठायचा नाही.

आता ग्लोव्ज. खरं लिहायचं ते हेच आहे, आणि फ्लेक्सवर ते येणार नाही. आमच्याकडं तेव्हा बॉक्सिंगचे ग्लोव्ज कुठून मिळणार? बाजारात बैलांचे साज शिवणारे एक चाचा होते, कातड्याच्या कामात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. फौजी मास्तरांनी नमुना दाखवला, चाचांनी दोन जोड शिवून दिले. आत काय भरायचं, यावर जिनिंगच्या शेडमध्ये मोठी बैठक बसली. फौजी मास्तर म्हणाले घोड्याचे केस लागतात. बाबा हसले. कापसाच्या गावात घोड्याचे केस कशाला? कापसाहून मऊ जगात दुसरं काय आहे? सगळ्यांना पटलं. चांगली स्वच्छ रुई निवडून बाबांनी स्वतःच्या हातानं ग्लोव्जमध्ये भरली. लेकाला लागू नये म्हणून जास्तच भरली, ठासून.

ज्या माणसांनी अख्खा जन्म कापूस दाबून गाठी केल्या, त्यांना हे सुचू नये? दाबलेल्या कापसाची गाठ पायावर पडून एका हमालाचा पंजा गेला होता, तो लंगडत आमच्या दारावरून रोज जायचा. तरीही कोणाच्या मनात आलं नाही, की ग्लोव्जमधला कापूस पण प्रत्येक ठोशानिशी दबत जाणार, घामानं भिजणार, वाळणार, पुन्हा दबणार. दोन हंगामांत त्या ग्लोव्जच्या विटा झाल्या होत्या. आणि सगळे म्हणत, काय हात आहे पोराचा, काय ठोसा.

त्यात आमच्याकडं कुस्तीचा रिवाज. जत्रेत दंगल झाली की जिंकलेल्या पहिलवानानं मैदानाला फेरी मारायची, आणि जो पुढं येऊन जोड देईल त्याच्याशी खेळायचं. नाही म्हटलं तर गावाचं नाक कापलं. कुस्तीत ते ठीक आहे, पाठ टेकली, माती झटकली, घरी गेलं. बॉक्सिंग आलं तसा त्यालाही हाच रिवाज लावला. शेवटची कुस्ती झाली की माझ्या भावाची जोड. एक झाला की दुसरा. दोन्हीकडं हेच ग्लोव्ज, कारण दुसरे ग्लोव्ज जिल्ह्यात कोणाकडं नव्हतेच. तो ज्या विटेनं मारायचा, तीच वीट त्याच्या डोक्यात बसायची. फौजी मास्तर ओरडायचे, डोक्याला मार लागला की महिनाभर बसवा पोराला. बाबा म्हणायचे, पहिलवान कधी बसते का? मग डोक्याला तीळतेल, बदामाचं दूध, आणि पुढची जत्रा.

भावाची तऱ्हाही तशीच. हात खाली ठेवून पुढं जायचं, दोन खायचे आणि एक द्यायचा. लोकांना तेच आवडायचं. त्याचा तो एक ठोसा अख्ख्या जिल्ह्याला पाठ आहे. त्याआधीचे दोन कोणाला आठवत नाहीत.

बीबी गावच्या जत्रेतलं मात्र मला सगळं आठवतं, कारण पट्ट्या बांधायला मी सोबत होते. तिथं त्या दिवशी त्याला कानशिलावर एक असा बसला, की गुडघे वाकले. पडला असता तर तिथंच संपलं असतं. पण पडला नाही. तसाच झोकांड्या देत उभा राहिला, आणखी खाल्ले, आणि शेवटी उजवा हात फिरवून समोरच्याला झोपवलं. लोकांनी खांद्यावर घेतला. परत येताना गाडीत त्यानं दोनदा ओकारी केली. मग माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाला, "बाई, बैलगाडीवर एक पोरगी उभी होती, पाह्यली का व? हिरव्या लुगड्यातली. तिच्यासमोर पडलो नाही, बरं झालं."

ती पोरगी म्हणजे माझ्या वहिनी. त्यांच्या वडिलांनी दुसऱ्याच आठवड्यात निरोप पाठवला, पोरगा छातीचा आहे, आमची मुलगी करून घ्या. लग्नात भाऊ सगळ्यांना सांगत फिरला, हिच्यापायी उभा राह्यलो. वहिनी लाजून मान खाली घालायच्या. तेव्हा ती थट्टा होती.

त्यानंतर तो राज्याचा विजेता झाला. तिथं ग्लोव्ज चांगले होते, आतून खरे मऊ. म्हणून सांगते, त्याचा ठोसा खोटा नव्हता. कापसानं त्याला मोठं केलं नाही. कापसानं फक्त त्याचं डोकं खाल्लं.

पुढं तो शाळेत पीटीचा शिक्षक झाला, संध्याकाळी पोरांना बॉक्सिंग शिकवू लागला. आणि मी पाहिलं ते नवलच. ज्यानं जन्मात कधी हात वर ठेवला नाही, तो पोरांच्या हनुवटीवर काडी मारून सांगायचा, हात वर, हात वर बे. डोक्यावर ठोसा मारायची सरावात बंदी. एखाद्याला लागलाच तर महिनाभर ग्लोव्ज बंद. बाप लोक भांडायला यायचे, आमचा पोरगा काय पोरगी आहे का? भाऊ त्यांना चहा पाजून वाटेला लावायचा, पण पोराला ग्लोव्ज द्यायचा नाही. मी एकदा विचारलं, तुला हे सगळं माहीत होतं, तर स्वतः काऊन केलं नाही? त्यानं हातातली काडी खाली ठेवली. मग म्हणाला, "लोक वाट पाहून राह्यले होते ना व."

हे त्याचं योगदान. स्पर्धेत दिसत नाही ते. त्याच्या हाताखालून गेलेली पोरं आज दुकानं चालवतात, शेती करतात, बायकोला नावानं हाक मारतात. त्यांना ठाऊकही नसेल, आपलं डोकं कोणी राखलं.

त्याचं स्वतःचं हळूहळू गेलं. आधी किल्ली विसरायचा. मग हात थरथरायला लागला, मग जीभ जड झाली. शांत माणूस, तो ताट भिरकवायला लागला. एकदा बसस्टँडवर सापडला, बीबीच्या गाडीची चौकशी करत. अकोल्याच्या डॉक्टरांनी डोक्याचे फोटो पाहिले, जुनी हकीकत विचारली आणि म्हणाले, हे एका दिवसाचं नाही, थोडं थोडं साचत गेलेलं आहे. त्या दिवशी घरी येऊन मी माळ्यावरची ट्रंक काढली. चाचांचे ग्लोव्ज होते त्यात. विळ्यानं कातडं फाडलं. आतली रुई बोटानं उकरेना. घट्ट, पिवळी पडलेली, गाठीसारखी. ती हातात घेऊन मी रडले, तशी माय गेली तेव्हाही रडले नव्हते. कोणाला बोल लावू? आपलेच दात, आपलेच ओठ. बाबांनी तर प्रेमानं भरली होती ती रुई.

वहिनींनी तो गोळा पाहिला, हातात घेऊन तोलला. "त्या दिवशी मी गाडीवर उभी नसती राह्यली," त्या म्हणाल्या, "तर पडले असते ते, ताई. पडले असते तर बरं होतं." मी म्हटलं, काहीतरीच बोलता.

उद्घाटनाच्या दिवशी वहिनींनी भावाला पांढरा सदरा घातला, भांग पाडला, आणि स्वतः हिरवी साडी नेसल्या. मी ते पाहिलं आणि त्यांच्या निऱ्या नीट करून दिल्या. व्यायामशाळा भरली होती. फ्लेक्सवरचं 'स्मृतीस' काढलं होतं, बैल तसाच होता. भाषणं झाली, सगळे ठोशाबद्दलच बोलले. भाऊ माझ्या शेजारी खुर्चीत बसून सदऱ्याचं बटण चाळवत होता.

मग कोणीतरी घंटा वाजवली.

त्याचा हात बटणावरून थांबला. मान वर आली. हळूच त्यानं दोन्ही हात माझ्यापुढं केले आणि बोटं फाकवली. हात थरथरत नव्हते. मी पिशवीत पट्ट्या घेऊन आलेच होते, मायच्या नाही, माझ्याच जुन्या सुती साडीच्या. अंगठ्यात फास, मग मनगट, मग बोटांच्या मधून. पोरं व्हिडिओ काढत होती.

"समोर कोन आहे व, बाई?" त्यानं विचारलं. जीभ चक्क साफ होती.

"असन कोनी," मी म्हणाले. "तुह्यासारखाच माय-बापाचा."

तो उठला. नव्या बॅगपुढं गेला, खांदा पाडला आणि उजवा हात फिरवला. तोच आवाज, जिनिंगच्या शेडमधला. बॅग साखळीसकट कलली. अख्खी व्यायामशाळा टाळ्या वाजवायला लागली, माझ्याही अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन लगबगीनं पुढं गेल्या. तांब्यातलं पाणी हिंदकळून त्यांच्या साडीवर सांडत होतं, पण त्यांचं लक्ष फक्त त्याच्या तोंडाकडं. त्याच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या, अगदी हातभर अंतरावर.

भाऊ त्यांच्याकडं पाहून हसला. मग त्यांच्या खांद्यावरून मागं पाहिलं, इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. "तुमी जरा बाजूले व्हा, बाई," तो अदबीनं म्हणाला. "मले पाहू द्या. बीबीची ती पोरगी आली असन. हिरव्या लुगड्यातली. तिच्यासमोर पडायचं नाही मले आज."

मी खुर्चीतून उठले होते, तशीच उभी राहिले. वहिनी हलल्या नाहीत. मग एक पाऊल बाजूला झाल्या, त्याला दार दिसेल एवढं.

"आली आहे ती," त्या म्हणाल्या. "मागं बसली आहे. ती म्हनून राह्यली, आता पडलं तरी चालते म्हना."

भावानं पट्टी बांधलेल्या हातानं कपाळावरचे केस मागं सारले.

"नाही हो," तो हसून म्हणाला. "तिच्यासमोर नाही."